मुलं, आजोबा आणि दोन दिवसांचा रानफेरा

विचारणारं कुटुंब सिंहगड रोडवरचं आहे. नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांचे आजोबा. सिंहगड सगळ्यांनी चढलेला, मुलगी एकदा राजगडही करून आलेली. डिसेंबरच्या सुट्टीत दोन दिवस नि एक रात्र, पाठीवर सॅक घेऊन जंगलातून चालायचं आहे. वाट गोल हवी, म्हणजे गाडी लावली तिथेच परत येता येईल. व्हिडिओ पाहून अंधारबन जवळपास ठरलं आहे. ते जमेल का, आणि तयारी कशी करावी, असा प्रश्न आहे.

पंचवीसेक वर्षं मी कुटुंबांना घेऊन सह्याद्रीत फिरतो आहे. त्या अनुभवावर सांगतो. जायला जरूर जमेल, पण अंधारबन नको. ती वाट गोल नाहीच. ताम्हिणीजवळच्या पिंपरी गावातून निघते आणि रायगड जिल्ह्यात भिऱ्याला उतरते. साधारण तेरा किलोमीटर चाल आहे आणि गाडी वरच राहते. शिवाय मधूनच बाहेर पडायला सोयीची वाट नाही. सात वर्षांचं मूल नवव्या किलोमीटरला बसलं, तर पुढचे चार त्याला खांद्यावर घेऊनच उतरवावं लागतं.

खरं म्हणजे गोल वाट हा प्रकार आपल्याकडे फारसा नाही, आणि त्याचं कारण समजून घेतलं तर आखणी सोपी होते. सह्याद्रीतल्या जुन्या वाटा कोकण आणि देश जोडायला पडल्या. खालून मीठ वर आलं, वरून धान्य खाली गेलं. ज्याला घाट उतरायचा त्याला फिरून त्याच जागी यायचं कशाला? फेरा घालायचा तो देवासाठी. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी निघते, तसा. बाकी गोल वाट तुम्हाला स्वतः बसवावी लागते. एक गाव धरायचं, एका वाटेने रानात शिरायचं, दुसरीने बाहेर यायचं, मुक्काम गावातच करायचा. लहान मुलं असताना मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते.

तुमच्यासाठी मी आहुपे सुचवेन. आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या उत्तरेला, अगदी सह्याद्रीच्या कड्यावरचं गाव. नाशिक रस्त्याने मंचर, तिथून घोडेगाव, डिंभे धरण आणि मग घोड नदीच्या खोऱ्यातून वर. नकाशावर अंतर जास्त दिसत नाही, पण शेवटचा रस्ता वळणांचा आहे. थांबत गेलात तर चार-साडेचार तास धरा. मुलांना गाडी लागत असेल तर डिंभ्याच्या आधीच एकदा थांबा. गाव महादेव कोळी समाजाचं. गावाला जुनी देवराई आहे, आणि गावाच्या पश्चिमेला कडा एकदम तुटतो. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके उभे दिसतात. रान बरंचसं सदाहरित आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा ही झाडं जास्त. हिरडा गोळा करणं हा इथल्या लोकांच्या पोटापाण्याचा भाग आहे, म्हणून झाडाखाली कुठे हिरडे वाळत घातलेले दिसले तर मुलांना हात लावू देऊ नका.

हे रान भीमाशंकर अभयारण्यात येतं. ते 1985 साली शेकरूसाठी जाहीर झालं. शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी, तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. ती आधी काढा. निघण्याच्या आठवडाभर आधी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात फोन करून कुठल्या वाटा खुल्या आहेत तेही विचारा. रानात तंबू ठोकायचा, शेकोटी करायची हे मनातून काढून टाका. मुलांना तंबूची हौस असेल तर यजमानांना विचारून त्यांच्या अंगणात लावा. त्यांना तेवढंच सुख मिळतं, आणि रात्री दोन वाजता कुणाला बाहेर जायचं असेल तर उजेड नि माणसं जवळ असतात.

वाटाड्या घ्या, यात काटकसर नको. तुम्ही किल्ले केलेत. किल्ल्यावर वाट चुकली तरी वर बुरूज दिसतो, खाली गाव दिसतं. रानात दोन्ही दिसत नाहीत. त्यात ढोरवाटा असतात. गुरांनी पाडलेली वाट मळलेल्या वाटेइतकीच ठळक असते, कधी तिच्याहून रुंद. पाच-दहा मिनिटं ती छान चालते आणि मग करवंदीच्या जाळीत जाऊन संपते. फोनमधला नकाशा आधी उतरवून ठेवा, पण या वाटा त्यात नसतात. सर्वे ऑफ इंडियाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे आता फुकट उतरवून घेता येतात. एखादा छापून घरी जमिनीवर पसरा आणि मुलीला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवा. रेषा दाट झाल्या की उतार खडा, एकमेकींवर चढल्या की कडा. अकरा वर्षांच्या मुलीला हे अर्ध्या तासात कळतं, आणि प्रत्यक्षात कड्याजवळ गेल्यावर ती आपणहून पाऊल आवरते.

वाटाड्याला पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगा: देवराईतून आत, रानातून कड्याच्या अंगाने, आणि परत येताना दुसरी वाट. सगळा फेरा सात किलोमीटरच्या आत, सोबत लहान मुलं आणि आजोबा. गावच्या माणसाचं "इथंच तर आहे" हे त्याच्या पायांच्या हिशेबाने असतं. म्हणून अंतर न विचारता वेळ विचारा, आणि तो जी वेळ सांगेल तिची दुप्पट धरा. पैसे, जेवण, मुक्काम, सगळं आधी बोलून घ्या.

आता मुख्य गोष्ट, वेळेची. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक ठोकताळा दिला, तो अजूनही वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. सात किलोमीटर आणि दोनशे मीटर चढ असेल तर हिशेब पावणेदोन तासांचा येतो. हा धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचा हिशेब झाला. तुमच्यासाठी दुप्पट करा, साडेतीन तास. त्यात दर पाऊण तासाला दहा मिनिटं थांबा आणि डबा खायला एक तास मिळवा. सव्वापाच तास झाले. सकाळी साडेसातला निघालात तर पाऊण-एकला गावात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट झाडीत त्याआधीच अर्धा तास अंधारून येतं. म्हणजे तुमच्या गाठीला चार-पाच तास शिल्लक राहतात, आणि ते राहायलाच हवेत. माझ्या बाबतीत एकदा ते राहिले नव्हते.

बऱ्याच वर्षांपूर्वी पाच कुटुंबं घेऊन मी असाच एक फेरा घातला होता. दुसऱ्या ठिकाणी, साधारण अकरा किलोमीटरचा. नवाला निघालो. अकराच्या सुमाराला एका सहा-सात वर्षांच्या मुलीने आईला सांगितलं, बूट टोचतोय. आम्ही सगळेच म्हणालो, थोडंसंच राहिलंय बाळा, चल. खरं तर निम्मंही झालं नव्हतं. साडेतीनला ओढ्यापाशी ती मटकन बसली. बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. पाण्याने भिजवून सोडवला तर रुपयाएवढा फोड फुटून आतलं कातडं लाल झालेलं. मुलगी रडतही नव्हती, नुसती बघत होती माझ्याकडे. त्या ठिकाणी आम्ही फेऱ्याच्या बरोबर पलीकडच्या टोकाला होतो. मागे जा किंवा पुढे, अंतर सारखंच. तिच्या वडिलांनी आणि मी आळीपाळीने तिला पाठीवर घेतलं. अंधारात एकदा ढोरवाटेला लागलो, परत फिरलो, आणि साडेआठला गावात पोचलो. कुणाला काही झालं नाही. पण त्या मुलीने अकरा वाजताच सांगितलं होतं.

त्या दिवसापासून दोन नियम मी कधीच मोडत नाही. पहिला, अर्ध्याची खूण. जाऊन-येऊन वाट असते तेव्हा कंटाळलेलं माणूस आपसूक मागे फिरतं. गोल वाटेत तसं होत नाही, कारण प्रत्येक पाऊल पुढेच पडतं आणि परत फिरायची वेळ कधी गेली ते कळत नाही. म्हणून वाटाड्याला विचारून निम्म्या अंतरावरची एक पक्की जागा आधीच ठरवायची. ओढा, खडक, मोठं झाड, काहीही. तिथे पोचायची वेळ कागदावर लिहायची. तुमच्या हिशेबात ती पावणेदहा-दहा येईल. साडेदहा वाजले आणि खूण आली नाही, तर आल्या वाटेने परत. पुढचं रान कितीही सुंदर असलं तरी. आली ती वाट पायाखालची असते. पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नसतं. हा निर्णय आदल्या रात्री सगळ्यांसमोर बोलून ठेवा, म्हणजे वाटेत त्यावर चर्चा होत नाही.

दुसरा नियम, मुलांशी "थोडंच राहिलंय" असं खोटं बोलायचं नाही. किती राहिलंय ते खरं सांगायचं. "अजून शाळेत जाऊन परत येण्याइतकं" असं त्यांच्या मापात सांगितलं की त्यांना कळतं. आणि मूल "टोचतंय" म्हणालं की त्याच पावलाला थांबायचं. फोड यायच्या आधी तिथली जागा गरम आणि गुलाबी होते. तेव्हाच बूट-मोजा काढून, कातडी कोरडी पुसून, त्यावर मायक्रोपोर टेपची गुळगुळीत पट्टी, सुरकुती न पाडता, लावायची. पाच मिनिटांचं काम. त्या वेळी ते चुकलं तर पुढे दिवस जातो. नवे बूट अजिबात नकोत. आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घातले तर घर्षण मोज्यांमध्ये होतं, कातडीवर होत नाही. नखं दोन दिवस आधी कापा, नाही तर उतारावर अंगठे बुटाला ठेचतात.

सॅकचं वजन बाथरूममधल्या काट्यावर करा. मुलीच्या पाठीवर तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, म्हणजे पस्तीस किलोच्या मुलीला साडेतीन किलो, पाण्यासकट. मुलाकडे अर्ध्या लिटरची बाटली, शिट्टी, टोपी आणि त्याला वाटेत सापडणाऱ्या दगडांसाठी रिकामी जागा. शिट्टी गळ्यात. हरवलं तर जागचं हलायचं नाही, झाडाला धरून उभं राहायचं आणि तीन-तीनदा वाजवायची, हे घरी खेळून घ्या. एरवी मात्र वाजवायची नाही. कड्यांना आग्या मोहळं असतात. तिथे आरडाओरडा, धूर आणि अत्तर-डिओ, सगळंच टाळा.

मोठ्यांच्या सॅकमध्ये सगळ्यात जड पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. रानात फिरताना मोठ्यांना दोन लिटर, मुलांना एक-सव्वा लिटर असं सोबत घ्या, बाकीचं निघण्याआधी आणि परतल्यावर प्यायचं. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पाठीमागच्या उंचीवर ठेवा. तळाला ठेवल्या की सॅक मागे ओढते आणि माणूस वाकून चालतो. कमरेचा पट्टा आधी घट्ट, खांद्यांचे नंतर. भार कमरेवर आला पाहिजे. गावातलं विहिरीचं पाणी मुलांना उकळूनच द्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. आदल्या रात्री उकळून भरून ठेवलं तर सकाळी गार मिळतं.

कपडे-सामानाची यादी देत बसत नाही. तुम्हाला ती माहीत आहे. एवढंच सांगतो की कड्यावरच्या गावात डिसेंबरच्या पहाटे पुण्यापेक्षा गारठा जास्त असतो, तेव्हा कानटोपी आणि स्वेटर गाडीत ठेवू नका, जवळ ठेवा. माणशी एक हेडटॉर्च. दिवसाच्या फेऱ्यालाही.

खाण्यात आपल्या जुन्या स्वयंपाकघराइतकं चांगलं काही नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. वाटेत चघळायला शेंगदाणा-गुळाचे लाडू आणि खजूर. बिस्किटांच्या पुड्यांनी मुलांचं पोट भरतं पण तासाभरात पाय गळतात. रात्री यजमानांकडे तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा मिळेल. मुलांसाठी ठेचा वेगळा ठेवायला आधी सांगा. शेगडी-भांडी नेली नाहीत म्हणून तुमचे तीन-चार किलो वाचतात आणि गावात चार पैसे जातात, दोन्ही चांगलंच. जुलाब झाले तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चहाचा चमचा. ओआरएसची पाकिटं सोबत असली तर उत्तमच.

शौचाचं कुणी विचारत नाही, पण मुलांसोबत तोच प्रश्न आधी येतो. खुरपं घ्या. ओढ्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती. ओले टिश्यू पुरायचे नाहीत, पिशवीत परत आणायचे. ते कुजत नाहीत. देवराईत हे काहीही नको, तिथे शिरण्याआधीच विचारून घ्या. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा लोक नेत नाहीत. मुलाच्या खिशातले दगड देखील तिथले असतील तर तिथेच राहू द्या.

सापांची भीती घालू नका, पण माहिती द्या. पालापाचोळ्यात हात घालायचा नाही, दगड उलटायचा नाही, आडवं लाकूड आलं तर आधी त्यावर पाय ठेवून पलीकडे बघायचं. चावलाच तर दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला अवयव फळी किंवा काठी लावून हलणार नाही असा ठेवायचा आणि माणसाला न चालवता उचलून रस्त्यावर आणायचं. आपल्याकडची प्रतिसर्प लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ घालवू नका. रुग्णवाहिकेसाठी 108. जवळ लस कुठे आहे ते निघण्याआधी फोन करून विचारा, घोडेगावात आणि मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयातही. रानात फोनला रेंज नसेल असंच धरून चाला. वाटाड्याला विचारा, रेंज कुठल्या टेकाडावर येते. त्यांना ते नक्की ठाऊक असतं.

आजोबांबद्दल. त्यांना घरी ठेवू नका, पण पूर्ण फेऱ्याचा आग्रहही नको. पहिल्या दिवशी अकरापर्यंत गावात पोचाल. जेवण, थोडी झोप, आणि चारला सगळे मिळून देवराईत जा, आजोबांच्या चालीने. शेकरू दिसायचं असेल तर असंच, हळू आणि बसत बसत. आधी आवाज येतो, कडक, टकटक करत तुटणारा. मग वर बघायचं. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं. आजोबांच्या हाती दोन काठ्या द्या, एक नको. उतरताना गुडघ्यांवरचा भार दोन्हीकडे वाटला जातो. दुसऱ्या दिवशी ते यजमानांच्या ओटीवर बसतील किंवा पहिल्या अर्ध्या तासापर्यंत येऊन वाटाड्याच्या घरच्या कुणाबरोबर परत फिरतील. हे ठरवताना त्यांना विचारा. त्यांच्या वतीने ठरवू नका.

आता सराव. निघण्याआधी तीन रविवार वेताळ टेकडीवर जा. उन्हं चढायच्या आत, तेच बूट, त्याच भरलेल्या सॅक, आणि टेकडीवर गोल फिरून या. पहिल्या रविवारी तुमचा ताशी वेग मोजा. मी वर दुप्पट म्हटलं, तो अंदाज आहे. तुमचा खरा आकडा तुम्हाला टेकडीवर मिळेल, आणि अर्ध्याची वेळ त्यावरूनच लिहा. तिसऱ्या रविवारी सॅक मुलांनाच भरू द्या. काय विसरलं ते वर जाऊन कळू द्या. पाणी मात्र तुम्ही तपासा.

महाशिवरात्र, श्रावण आणि लांब सुट्ट्या जोडून आलेले दिवस टाळा, भीमाशंकरच्या रस्त्यांवर गर्दी असते. पावसाळ्यात हाच फेरा मुलांना घेऊन करू नका. धुक्यात कडा दिसत नाही आणि ओढे तासाभरात चढतात. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं, वणव्यांचे दिवस येतात, पाणी आटतं. डिसेंबरचा तुमचा विचार अगदी योग्य आहे.

शेवटचं काम पुण्यातून निघतानाचं. एका कागदावर गावाचं नाव, यजमानांचा आणि वाटाड्याचा नंबर, कुठल्या वाटेने कुठून कुठे, अर्ध्याची खूण आणि तिची वेळ, गाडीचा नंबर, गावात परतायची वेळ एवढं लिहा. तो शेजाऱ्यांकडे किंवा बहिणीकडे द्या. खाली लिहा: "रविवारी दुपारी चारपर्यंत आमचा फोन आला नाही तर आधी यजमानांना फोन कर, पाचपर्यंत पत्ता लागला नाही तर 112 ला." आणि एकला गावात आलात की चहाच्या आधी, रेंज असलेल्या टेकाडावर जाऊन तो फोन करा.